रुळांवरची कुरकुर

दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना बर्मिंगहॅमच्या किंग्ज नॉर्टन भागात एका तरुण पाद्र्याचा लहानगा मुलगा गोवराने आजारी पडला. गोवरात डोळ्यांना उजेड सोसत नाही, म्हणून खोली अंधारी करून त्याला निजवलेलं. वडील, रेव्हरंड विल्बर्ट ऑड्री, त्याला रिझवायला स्टेशनात ओळीने उभ्या असलेल्या इंजिनांचं एक बडबडगीत म्हणायचे. एकदा त्यांनी ती इंजिनं कागदावर काढली आणि प्रत्येकाला तोंडही काढलं. एकाचं तोंड उतरलेलं होतं. मुलाने विचारलं, हे असं का? बापाने सुचेल ते सांगितलं: ते म्हातारं झालंय, आणि बरेच दिवस त्याला कुणी बाहेर काढलेलं नाही. त्याचं नाव काय? बापाने पुन्हा सुचेल ते सांगितलं: एडवर्ड.

पुढचा सारा पसारा या दोन उत्तरांतून उभा राहिला. १९४५ साली ‘द थ्री रेल्वे एंजिन्स’ हे छोटंसं पुस्तक निघालं, पुढच्याच वर्षी निळा थॉमस आला, आणि १९७२पर्यंत ऑड्रींची २६ पुस्तकं झाली. नंतर ज्याला गोवर झाला होता त्या ख्रिस्तोफरनेच लेखणी हाती घेतली आणि २०११पर्यंत मालिका ४२वर नेली. १९८४पासून ब्रिट ऑलक्रॉफ्ट यांनी या गोष्टी टीव्हीवर आणल्या. सुरुवातीला त्या सांगायला आवाज होता बीटल्समधल्या रिंगो स्टारचा. आज पुण्या-मुंबईच्या खेळण्यांच्या दुकानात थॉमस मिळतो, आणि तो कोणत्या देशातल्या कोणत्या पाद्र्याने रचला याची मुलांना फिकीर नसते.

मला या जन्मकथेतलं थॉमसचं यश फारसं खुणावत नाही. खुणावतो तो एडवर्डच्या उदासीचा खुलासा. बरेच दिवस बाहेर काढलं नाही. अंधाऱ्या खोलीत कोंडून पडलेल्या मुलाला शेडमध्ये कोंडून पडलेल्या इंजिनाचं दुःख समजावून सांगावं लागलं नसणार. बोलक्या आगगाड्यांची मुलांवरची मोहिनी का टिकली, याचं बरंचसं उत्तर मला इथेच दिसतं. मुलाच्या वाट्याला आलेली स्थिती जशीच्या तशी जिच्या वाट्याला आली आहे, अशी गोष्टीतली एकच वस्तू म्हणजे आगगाडीचं इंजिन: अंगात रग मोठी, मनात भावना मोठ्या, आणि कुठे जायचं हे मात्र दुसऱ्याने ठरवलेलं.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की एवढं खोलात कशाला शिरायचं? मुलांना सगळंच जिवंत वाटतं. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकातच दाखवून दिलं, की लहान मूल हलणाऱ्या वस्तूला सहज जीव बहाल करतं. सूर्य, ढग, नदी, सायकल, सगळ्यांना. बरोबर आहे. पण मग त्याच न्यायाने क्रेन, बुलडोझर, सिमेंट कालवणारा ट्रक हेही तितकेच मोठे नायक व्हायला हवे होते. त्यांच्याही गोष्टी आहेत, मालिका आहेत. तरी ऐंशी वर्षं घरोघरी टिकलेला, स्वतःचं बेट, स्वतःचा इतिहास आणि स्वतःच्या भाऊबंदक्या असलेला गोतावळा उभा राहिला तो रुळांवरच. हलणं एवढ्याने हे भागत नाही.

दुसरा खुलासा अधिक वजनदार आहे: वाफेचं इंजिन खरोखरच श्वास घेतं. त्याला पोट आहे, त्यात कोळसा घालावा लागतो, पाणी पाजावं लागतं. राखेने त्याचा घसा धरतो. दोन सिलिंडरच्या साध्या इंजिनात मोठं चाक एकदा पुरतं फिरेपर्यंत धुराड्यातून वाफेचे चार फुत्कार निघतात. सपाटीवर ते एकमेकांत मिसळतात, चढावर एकेक सुटा ऐकू येतो. ऑड्रींचं बालपण विल्टशरमधल्या बॉक्स या गावी गेलं. ब्रुनेल या इंजिनिअरने बांधलेला, १८४१ साली खुला झालेला प्रसिद्ध बोगदा गावाजवळच, आणि बोगद्याकडे जाणारा मार्ग शंभरास एक असा चढत जातो. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्या पोराला मालगाडीचं इंजिन धापा टाकत चढताना आणि मागून जोड-इंजिन तिला रेटताना ऐकू यायचं. दोघांचं काही तरी संभाषण चाललंय, एक म्हणतंय जमत नाही, दुसरं म्हणतंय जमेल, असं त्याला वाटायचं. हे ऑड्रींनी पुढे स्वतःच सांगितलं आहे. आपल्याकडे कर्जतला जो राहिला असेल त्याला यात परकं काही वाटणार नाही. बोरघाटाचा चढ सदतिसास एक, म्हणजे बॉक्सच्या जवळपास तिप्पट उभा. कर्जतला गाडीच्या शेपटाला बँकर, म्हणजे जोड-इंजिनं, लागतात, लोणावळ्यापर्यंत ढकलतात आणि सुटून रिकामे परत उतरतात. फलाटावर दिवाडकरांचा वडा खाताना मागून बसलेला तो हलका धक्का मुंबई-पुणे करणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा.

पण श्वासाचा हा खुलासा जन्मापुरता पुरतो, आयुष्यापुरता नाही. ब्रिटिश रेल्वेने मुख्य मार्गांवरची वाफ १९६८च्या ऑगस्टमध्ये बंद केली. भारतात ती १९९०च्या दशकात मावळली. ज्यांनी वाफेचं इंजिन कधी ऐकलंच नाही अशा मुलांच्या दोन-तीन पिढ्यांनी थॉमसला डोक्यावर घेतलं. आपल्याकडे तर आजही अंकलिपीत ‘आ’ आगगाडीचा म्हणजे धूर सोडणारी गाडी, आणि बिनफाटकाच्या लेव्हल क्रॉसिंगच्या पाटीवरही धुराड्याचंच इंजिन. विजेच्या गाडीत बसून आजोळी गेलेलं मूल घरी येऊन चित्र काढतं ते धुराचं. तेव्हा वाफेने तोंड दिलं, आवाज दिला, हे मान्य. पण त्या आवाजात बोलावं असं काय होतं?

मोटारीशी तुलना करून पाहिली तर फरक कळतो. बोलणाऱ्या मोटारींचे सिनेमेही तुफान चालले. पण मोटार वाटेल तिथे वळू शकते, म्हणून तिची गोष्ट इच्छेची होते: जिंकायचंय, पळायचंय, दुसरं गाव पाहायचंय. तरुण माणसाची गोष्ट. विमानाचं तेच, जहाजाचं थोड्याफार फरकाने तेच. आगगाडीला मात्र वळायची सोय नाही. डावीकडे की उजवीकडे हे सांधेवाला ठरवतो, केव्हा हे वेळापत्रक ठरवतं, थांबायचं की नाही हे सिग्नल. मग इंजिनाच्या हाती उरतं काय? सूर. तेच काम हसत करायचं की फुरंगटून. डबे हळुवार ओढायचे की हिसका देऊन. सकाळी सात वाजता अंघोळीला पिटाळलेल्या, आठ वाजता दूध संपवायला बसवलेल्या आणि साडेआठला रिक्षात कोंबलेल्या पोराकडे पाहा. काय करायचं यात त्याला मत नाही. कशा चेहऱ्याने करायचं यात मात्र तो पूर्ण सार्वभौम आहे, आणि ते सार्वभौमत्व तो रोज गाजवतो. ऑड्रींच्या इंजिनांची सगळी नाट्यं याच अरुंद पट्टीतली आहेत: रुसवे, बढाया, धुसफुस, मत्सर, नाक मुरडणं, आणि फजिती झाल्यावरचं हिरमुसलेपण. नव्वद टक्के बालपण याच पट्टीत जातं, असं म्हटलं तर पालक मला खोटं पाडणार नाहीत.

पहिल्याच पुस्तकातली हेन्रीची गोष्ट घ्या. पाऊस पडतोय आणि हेन्रीला आपल्या सुंदर हिरव्या रंगाची, लाल पट्ट्यांची काळजी. तो बोगद्यात शिरतो आणि बाहेर येईचना. ड्रायव्हर समजावतो, गार्ड निशाण हलवतो. हेन्री हटत नाही. मग रेल्वेचे लठ्ठ साहेब येतात. उतारूंना दोरी बांधून ओढायला लावतात, दुसऱ्या टोकाने ढकलायला लावतात. स्वतः मात्र हात लावत नाहीत, कारण डॉक्टरांनी त्यांना ओढाओढी मना केली आहे. (लहानपणी न कळलेला हा विनोद आई-बाप झाल्यावर पुस्तक मोठ्याने वाचताना कळतो; मुलांच्या ज्या पुस्तकांत मोठ्यांसाठी असे चार-दोन दाणे पेरलेले नसतात ती पुस्तकं रात्री नवव्यांदा वाचवत नाहीत.) एवढं करून हेन्री हलत नाही तेव्हा त्याच्यापुढचे रूळ काढून घेतात, तोंडाशी विटांची भिंत बांधतात आणि त्याला तिथेच सोडून देतात. बाहेर पाऊस थांबलेला, आणि तो मात्र धुराने काळवंडत आत.

शिक्षा भयंकर आहे. आजचा कुठलाही संपादक ती छापायला कचरेल. पण मुलं या गोष्टीला घाबरण्याऐवजी तिच्याकडे पुन्हा पुन्हा जातात, कारण त्यात त्यांच्या ओळखीच्या दोन गोष्टी एकत्र येतात: हट्ट करून बसल्यावर आपल्याला परत फिरायची वाट सापडत नाही ही भावना, आणि मोठी माणसं आपल्याला कायमचं तसंच सोडून देतील ही भीती. त्याच पुस्तकाच्या शेवटच्या गोष्टीत हेन्री सुटतो, आणि कसा सुटतो हे पाहण्यासारखं आहे. त्याने माफी मागितली म्हणून त्याला सोडत नाहीत. मिजासखोर गॉर्डनचा सेफ्टी व्हॉल्व्ह फुटतो, एक्स्प्रेस अडकते, एकट्या एडवर्डला ती ढकलवत नाही, आणि हेन्रीची गरज पडते म्हणून भिंत फोडतात. गरज पडली की रुसवा सोडवायला मोठ्यांनाही निमित्त सापडतं, हे घराघरातलं सत्य इतक्या नेमकेपणाने सांगणारी बालकथा मला दुसरी ठाऊक नाही.

याच हेन्रीची गोष्ट १९५३च्या जून महिन्यात बीबीसीने थेट प्रक्षेपणात, खेळण्यातल्या गाड्या वापरून दाखवली. सांधा बदलायला कुणी तरी चुकलं, आणि हेन्री रुळांवरून घसरला. तेवढ्यात पडद्यावर एक भलाथोरला मानवी हात आला, त्याने इंजिन उचलून पुन्हा रुळांवर ठेवलं आणि गोष्ट पुढे सुरू झाली. वर्तमानपत्रांनी टर उडवली, ऑड्री संतापले. मला मात्र या सगळ्या मालिकेचं ते सर्वांत प्रामाणिक दृश्य वाटतं. घरी गाड्या खेळणारं मूल हेच करत असतं: एका वेळी ते इंजिनही असतं आणि तो हातही.

इथे तार्किक मोठ्यांना छळणारा प्रश्न येतो. इंजिनाला मन आहे, तोंड आहे, तर मग आत बसलेला ड्रायव्हर काय करतो? ऑड्रींनी याचं उत्तर कधी थेट दिलं नाही, पण प्रश्न टाळलाही नाही. १९६१च्या एका गोष्टीत थॉमसचा ड्रायव्हर गमतीने म्हणतो, की तुला आता ही लाइन इतकी पाठ झालीय की माझ्याशिवायही चालशील. थॉमस ते खरं मानतो. पहाटे शेडमध्ये पेटवण होते, सफाईवाल्याने आदल्या रात्री कळ हलवून ठेवलेली असते, आणि वाफ चढताच थॉमस एकटाच चालू लागतो. क्षणभर धन्य वाटतं. मग लक्षात येतं, की चालता येतंय पण थांबता येत नाही. तो सरळ स्टेशनमास्तरच्या घराची भिंत फोडून त्यांच्या न्याहारीच्या टेबलापाशी येऊन ठेपतो. ब्रेक माणसाच्या हातात. सुरू होणं आपल्या हातात असतं, थांबणं नसतं: रडू लागलेल्या तीन वर्षांच्या मुलाला विचारा.

ऑड्री पाद्री होते, त्यामुळे इच्छास्वातंत्र्य आणि दैवी कृपा यांचा पिढीजात वाद त्यांच्या रुळांवर येणारच. पण त्यांच्या गोष्टी प्रवचनात बुडाल्या नाहीत याचं श्रेय मी त्यांच्या रेल्वेच्या वेडाला देतो. प्रत्येक अपघात खऱ्या रेल्वेवर कुठे ना कुठे घडलेला असावा, असा त्यांचा कटाक्ष. हेन्रीची मासळीगाडी बर्फात चुकीच्या लाइनीवर जाऊन आदळते, कारण बर्फाच्या भाराने सिग्नलचा हात खाली येऊन ‘मार्ग मोकळा’ दाखवतो. १८७६च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये ॲबट्स रिप्टनला बर्फाने असाच सिग्नल अडकून भीषण अपघात झाला होता. हेन्रीची दुखणीसुद्धा यंत्राची आहेत: त्याची भट्टी लहान, म्हणून त्याला साधा कोळसा सोसत नाही, वेल्सचा उत्तम कोळसा लागतो. बेटाचा नकाशा, इतिहास, वेळापत्रक सारं ठरलेलं. चित्रकाराने इंजिनाच्या तपशिलात ढिलाई केली की लेखकाचं पत्र गेलंच. मुलाला खोटं बोलणारं इंजिन चालतं. खोट्या चाकांचं चालत नाही. या काटेकोरपणामुळे गोष्टीतला परिणाम हा कारणातून येतो, लेखकाच्या रागातून नाही. बढाई मारली म्हणून आकाशातून दगड पडत नाही; बढाईपायी घाई होते, घाईत कपलिंग तपासायचं राहतं, आणि डबे मागेच राहतात.

आता टीकेकडे वळायला हवं, कारण ती जोरकस आहे आणि निम्मी खरी आहे. कॅनडातल्या राज्यशास्त्राच्या एका अभ्यासक महिलेने २००९ साली या मालिकेचे भाग तपासून सांगितलं, की इथे उतरंड पवित्र आहे, वरच्याने सांगावं आणि खालच्याने ऐकावं, आणि बायकांची पात्रं मोजकी. २०१७ साली ‘न्यू यॉर्कर’मध्येही थॉमसच्या सोडोर बेटावरच्या दडपशाहीबद्दल खरमरीत लेख आला. उपयोगी पडणं हीच तिथली एकमेव लायकी, आणि निरुपयोगी ठरणाऱ्याला भंगाराची धास्ती. मूळ पुस्तकं उघडून पाहावं तर हे दिसतंच. मालडबे म्हणजे नाव नसलेला, खोडसाळ, दामटून वठणीवर आणायचा जमाव. ॲनी आणि क्लॅराबेल या डबे, म्हणजे मागून येणाऱ्या. डेझी नावाची डिझेल गाडी आली ती नखरे करतच. हे झाकायचं कारण नाही. पुढे २०१८मध्ये मालिकेने केनियाची निया आणि आणखी एक स्त्री-इंजिन मुख्य पात्रांत आणलं, ते योग्यच झालं.

मात्र दडपशाहीचा आरोप मला पुरता पटत नाही. एक तर आज्ञाधारकपणाचा हा तथाकथित प्रचारक स्वतः युद्धविरोधी होता, आणि त्या मतांपायी आधीच्या गावातली धर्मसेवेची जागा त्याला सोडावी लागली होती. दुसरं अधिक महत्त्वाचं: टीकाकार साहेबांचं वागणं मोजतात, इंजिनांचं बोलणं मोजत नाहीत. हुकूमशाहीत कुरकुर चालत नाही. सोडोरवर कुरकुरीवाचून पान हलत नाही. शिक्षा झालेलं इंजिनही तोंड मिटत नाही, शेडमध्ये रात्री सगळी मिळून कुरबुरतात, कामावर बहिष्कार टाकतात. हुकूम पाळला जातो. हुकमाबद्दलचं मत मात्र कुणी काढून घेऊ शकत नाही. मुलाच्या घरातली राजवट लोकशाही नसते, कधीच नव्हती. तिथे त्याला खरोखर उपलब्ध असलेलं स्वातंत्र्य हेच.

खऱ्या अर्थाने धाकात ठेवणारी आगगाडी पाहायची असेल तर अमेरिकेत जावं लागेल. १९४५ सालीच, थॉमसच्या भावंडांसोबत, तिथे गर्ट्रूड क्रॅम्प्टनचं ‘टूटल’ निघालं. टूटल हे शाळेत शिकणारं लहान इंजिन. सर्वांत मोठा धडा: काही झालं तरी रुळांवरून उतरायचं नाही. टूटलला कुरणातली फुलं दिसतात आणि तो उतरतो, बागडतो. मग सगळं गाव मिळून कट करतं. गवतात जागोजाग लाल निशाणं घेऊन माणसं लपतात. टूटल जिकडे वळेल तिकडे लाल, आणि इंजिनाला लाल निशाण म्हणजे थांबणं, थांबण्याचा तर त्याला तिटकारा. हिरवं निशाण दिसतं ते फक्त रुळांवर. तो परततो, आणि पुढे मोठेपणी लहान इंजिनांना तोच धडा देतो. डेव्हिड रीझमन या समाजशास्त्रज्ञाने ‘द लोनली क्राऊड’ या १९५०च्या गाजलेल्या ग्रंथात या चिमुकल्या पुस्तकाची चिरफाड केली: समूहाच्या मर्जीप्रमाणे वागणाऱ्या नव्या माणसाची ही घडवणूक आहे. रीझमन बरोबर होता. फरक पाहा: टूटलला कुणी शिक्षा करत नाही, सगळे गोड बोलतात, आणि शेवटी त्याची फुलांची आवडच मेलेली असते. हेन्रीला भिंतीआड कोंडलं तरी पावसाबद्दलचं त्याचं मत बदलत नाही.

अमेरिकेचंच दुसरं प्रसिद्ध इंजिन, १९३०च्या ‘द लिटल एंजिन दॅट कुड’मधलं, डोंगरापलीकडच्या मुलांसाठी खेळणी ओढून नेतं. मोठी इंजिनं नकार देतात, आणि ती छोटी निळी, आपल्याला जमेल असं स्वतःला बजावत चढून जाते. गोड आहे, शाळांच्या भिंतींवर शोभतं. पण मला ती गोष्ट मुलांपेक्षा त्यांच्या पालकांची अधिक वाटते. जिद्द हा मोठ्यांनी मुलांत शोधायचा गुण. इथे शेवटी कळतं एवढंच, की मनात आणलं की डोंगर चढता येतो. आणि ज्याला चढता आला नाही, त्या मुलाशी बोलायला या गोष्टीपाशी काहीच नाही.

एका बाजूने माझ्या म्हणण्याला अनपेक्षित पुष्टी मिळते. ब्रिटनमधल्या नॅशनल ऑटिस्टिक सोसायटीने पालकांकडून माहिती घेतली तेव्हा स्वमग्न मुलांना थॉमसची विशेष ओढ असल्याचं पुढे आलं. इतर कुठल्याच पात्रात न रमणारी मुलं थॉमसमध्ये रमतात, असं पालक सांगत होते. केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटाने मग याच सूत्रावर ‘द ट्रान्सपोर्टर्स’ नावाची छोटी चित्रमालिका केली: रुळांवर, तारांवर चालणारी वाहनं, आणि त्यांना खऱ्या माणसांचे चेहरे. चार आठवडे रोज ती पाहिलेल्या स्वमग्न मुलांना चेहऱ्यावरच्या भावना ओळखणं आधीपेक्षा बरंच जमू लागलं. शरीर कुठे जाणार हे आधीच ठाऊक असतं, म्हणून लक्ष चेहऱ्याकडे द्यायला सवड मिळते. टीव्हीवरच्या जुन्या मालिकेत इंजिनांची तोंडं साच्यात घडवलेली होती. राग हवा की रागाचं तोंड बसवायचं, हसू हवं की हसरं. डोळे तेवढे फिरत, ओठ हलत नसत. एका वेळी एकच भावना, आणि ती पुरेसा वेळ. मला वाटतं हे फक्त स्वमग्न मुलांपुरतं खरं नाही. प्रत्येक मूल माणसांचे चेहरे वाचायला शिकत असतं आणि माणसं फार भराभर चेहरे बदलतात.

म्हणूनच २०२१ साली मालिकेचा जो नवा अवतार आला त्याबद्दल मला आस्था वाटत नाही. त्यातली इंजिनं गोलमटोल, चित्रातली; ती उड्या मारतात, उसळतात, चाकांवर नाचतात. ज्यांनी हे केलं त्यांनी बहुधा असा विचार केला असेल, की रूळ हे बंधन आहे, ते सैल केलं तर मुलांना अधिक मजा येईल. उडी मारणाऱ्या इंजिनाची मजा मुलाला घटकाभर येतेही. पण ज्याला उडी मारता येते त्याला बोगद्यात अडकून बसण्याचं कारण उरत नाही. आणि अडकणंच गेलं, की बोलणं म्हणजे नुसता किलबिलाट.

आपल्याकडे ही बोलकी आगगाडी का रुजली नाही, हा मला पडलेला उरलेला प्रश्न. सामग्रीची वानवा नव्हती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या पहिल्या गाडीला तीन इंजिनं होती, आणि तिघांनाही नावं होती: साहिब, सिंध, सुलतान. गोष्टच तयार! पण त्या काळच्या लोकांनी तिला चाक्या म्हसोबा ठरवून हात जोडले, अशा आठवणी आहेत. ती सवय गेलेली नाही. दसऱ्याला इंजिनाला झेंडूचे हार पडतात, हळदकुंकू लागतं, नारळ फुटतो. ज्याची पूजा करायची त्याच्या तोंडी कुरकुर कशी घालणार? आपल्या बालगीतांत गाडी आहे ती मामाच्या गावाला नेणारी. गदिमांचं गाणं आठवावं. तिथे बोलतात ती डब्यातली मुलं, गाडी नुसती धावते. डेक्कन क्वीनचा तर दर १ जूनला पुणे स्टेशनवर केक कापून वाढदिवस होतो, १९३०पासूनचं वय मोजलं जातं, वसंत बापटांनी तिच्यावर कविता लिहिली. राणी म्हटल्यावर ती कुणाशी भांडणार? परदेशी मालिकेने निलगिरीच्या दातेरी रुळांवरची आशिमा नावाची भारतीय इंजिन-मुलगी २०१६च्या सिनेमात घेतली. आपण ते करायच्या आधी त्यांनी केलं.

पण एक गोष्ट आपण केली जी तिकडच्या मुलांना पुस्तकातून मिळते आणि आपल्या मुलांना अंगणात. एकमेकांच्या सदऱ्याला धरून मुलं स्वतःच गाडी होतात. पुढे कोण आणि गार्डचा डबा कोण, यावरून पहिलं भांडण. मधल्याने सदरा सोडला की गाडी तुटते, आणि दोष कुणाचा यावर दुसरं. पुढच्याला वाटतं आपण ओढतोय, मागच्याला वाटतं आपण ढकलतोय, मधल्याला वाटतं आपल्याला कुणी विचारत नाही. ऑड्रींच्या २६ पुस्तकांचा ऐवज या एका खेळात आहे; फक्त तो कुणी लिहून काढलेला नाही.

लिहायला बसलंच कुणी, तर माझी एक सूचना आहे: राणीच्या वाटेला जाऊ नये, दिवा-सावंतवाडी गाडी घ्यावी. कोकण रेल्वेचा मार्ग बराचसा एकेरी, म्हणजे समोरून गाडी येणार असली की एकीने स्टेशनात बाजूला उभं राहायचं, आणि उभं कुणी राहायचं हे ठरलेलंच. मांडवी येते, ती जाऊ द्यायची. कोकणकन्या येते, ती जाऊ द्यायची. वंदे भारत तर न पाहताच जाते. पावसात, एखाद्या छोट्या स्टेशनात, आंबोळीच्या वासात आणि उतारूंच्या वाढत्या वैतागात ती उभी. तिच्या मनात काय चाललं असेल हे कोकणातल्या कुठल्याही मधल्या भावंडाला सांगावं लागणार नाही, आणि तिची कुरकुर मालवणीत लिहिली तर ऑड्रींच्या गॉर्डनची बोबडी वळेल.